नॅशनल रेसिंग लायसन्स घ्यावे का? एका हिस्सेदाराचा अनुभव

न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्ही सहा जणांनी मिळून शर्यतींसाठीच्या थरोब्रेड जातीच्या एका घोडीत हिस्सा घेतला, तेव्हा प्रशिक्षकाचा रोजचा दर, नालबंदाचे बिल, पशुवैद्याचा खर्च, गाडीभाडे आणि विमा या सगळ्याचा हिशेब आम्ही वहीत व्यवस्थित मांडला होता. त्या वहीत परवान्यांसाठी एक ओळही नव्हती. घोडी आपली, पैसे आपले, मग परवाना कशाला, असाच सगळ्यांचा समज होता. ज्या शर्यतींवर पैसे लावले जातात त्यांच्याशी संबंधित प्रत्येक माणसाला, म्हणजे ठरावीक टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्या मालकालाही, त्या त्या राज्याच्या रेसिंग आयोगाचा परवाना लागतो, हे पहिल्या शर्यतीच्या आधी प्रशिक्षकांच्या कचेरीतून निरोप आला तेव्हा समजले.

पहिल्या वर्षी घोडी उन्हाळ्यात ओशनपोर्टच्या मॉनमथ पार्कवर धावली, मग विल्मिंग्टनजवळच्या डेलावेअर पार्कवर, पानगळीच्या दिवसांत मेरीलँडमधील लॉरेल पार्कवर आणि थंडीत न्यूयॉर्कच्या ॲक्विडक्टवर. नकाशावर ही चारही मैदाने एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. सकाळी निघालेली घोड्यांची गाडी दुपारच्या शर्यतीला सहज पोहोचते. पण राज्ये चार, आयोग चार, अर्ज चार आणि शुल्केही चार. मागील नोकऱ्या, जुने पत्ते, कुठे अटक झाली आहे का, कुठे परवाना नाकारला गेला आहे का, दिवाळखोरी जाहीर केली आहे का, हे तेच प्रश्न वेगवेगळ्या क्रमाने विचारलेले. एका हंगामात तीन वेळा बोटांचे ठसे दिल्यावर मी पर्याय शोधू लागले आणि अनेक राज्यांत चालणाऱ्या एकाच परवान्यापर्यंत, म्हणजे नॅशनल रेसिंग लायसन्सपर्यंत, पोहोचले. एकदा घेतलेला आणि नंतर नूतनीकरण केलेला हा परवाना आता बराच काळ वापरात आहे. अमेरिकेतील मराठी मंडळींपैकी अनेक जण अलीकडे अशा भागीदाऱ्यांत पैसे घालू लागले आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हा परवाना कुठल्या खासगी कंपनीचा नाही आणि केंद्र सरकारचाही नाही. शर्यतींत भाग घेणाऱ्यांच्या परवान्यासंबंधी राज्यांनी आपापसांत केलेल्या कराराच्या आधारे तो मिळतो. या कराराचा मजकूर प्रत्येक सहभागी राज्याच्या विधिमंडळाने कायदा म्हणून मंजूर केला आहे. फ्लोरिडा आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या कायद्यांच्या पुस्तकांत तो कलमवार वाचायला मिळतो. चार राज्यांनी असा कायदा केला की करार अमलात येईल, अशी तरतूद त्यात सुरुवातीलाच होती. सदस्य राज्याच्या रेसिंग आयोगाचा एक अधिकारी करार समितीवर बसतो. समिती अर्ज घेते, ठसे घेते, चौकशी करते आणि परवाना देते. तो सदस्य राज्यांना मान्य करावा लागतो. याखेरीज काही राज्ये सदस्य नसतानाही हा परवाना स्वीकारतात. बाहेर पडायचे असेल, तर राज्याने तो कायदा रद्द करून इतर राज्यांना लेखी कळवायचे.

इतका खटाटोप का करावा लागला, हे समजण्यासाठी आपल्याकडची रीत आठवली. माझे बालपण पुण्यात वानवडीला, रेसकोर्सच्या जवळ गेले. पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचे घोडे पुण्याला येत आणि त्यांच्याबरोबर मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे), जॉकी, नालबंद असा सगळा लवाजमा येई. हिवाळ्याआधी ही सारी मंडळी पुन्हा मुंबईला परतत. आमच्या चाळीत अशाच एका मोतद्दारांचे बिऱ्हाड होते. त्यांच्या खिशात क्लबचा एक पास असे आणि तोच दोन्ही शहरांत चाले, कारण मैदाने दोन असली तरी रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब एकच. महाराष्ट्रात १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याने शासन मैदानाला परवाना देते. माणसांना परवाना देण्याचे काम क्लब करतो. मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद येथील टर्फ संस्थांचे नियम आपापले असले, तरी एका संस्थेने अपात्र ठरवलेल्या माणसाला दुसरी संस्था आपल्या मैदानावर येऊ देत नाही. हा क्लबांमधला समजुतीचा व्यवहार आहे; त्यासाठी विधानसभेत ठराव आणावा लागत नाही.

न्यूयॉर्कमध्येही एके काळी हीच पद्धत होती. १८९४ मध्ये स्थापन झालेला जॉकी क्लब मालक, प्रशिक्षक आणि जॉकी यांना परवाने देत असे. ज्यूल फिंक नावाच्या मालकाला क्लबने परवाना नाकारला, तो न्यायालयात गेला आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने फिंक विरुद्ध कोल या खटल्यात निर्णय दिला की माणसाच्या उपजीविकेवर परिणाम करणारा हा अधिकार खासगी मंडळाच्या हाती सोपवता येणार नाही, तो राज्यानेच वापरायला हवा. हा निर्णय मला योग्य वाटतो. क्लबच्या बंद दाराआड कोणाचे पोट चालावे हे ठरू नये. मात्र परवाना हे एकदा राज्याचे काम ठरले, की क्लबांमध्ये चालणारी तोंडी समजूत पुरत नाही. एका राज्याने तपासलेला माणूस दुसऱ्या राज्याने न तपासता का घ्यावा, याला कायद्याचा आधार द्यावा लागतो. तो आधार म्हणजे हा करार.

दुसरी अडचण बोटांच्या ठशांची. ठसे घेऊन गुन्ह्यांच्या नोंदी तपासायच्या, तर त्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडे आहेत आणि एफबीआय त्या वाटेल त्याला देत नाही. १९७२ च्या एका केंद्रीय कायद्याने राज्यांना परवान्याच्या कामासाठी या नोंदी मिळण्याची सोय झाली आणि १९८८ मध्ये पॅरी-म्युच्युअल, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत टोटच्या (लावलेले सगळे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या) शर्यतींच्या, परवान्यांचे काम सोपे करण्यासाठीच स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार राज्य आयोगांच्या संघटनेमार्फतही ठसे एफबीआयकडे पाठवता येतात. ही संघटना म्हणजे १९३४ पासून काम करणारी असोसिएशन ऑफ रेसिंग कमिशनर्स इंटरनॅशनल. करार समितीने ठसे घेणे आणि ते पुढे पाठवणे याच कायद्यांच्या चौकटीत बसवलेले आहे. हा कंटाळवाणा तपशील मी मुद्दाम देत आहे. परवाना देणाऱ्या खिडकीवरचा माणूस पुन्हा पुन्हा ठसे मागतो, तेव्हा तो हट्टीपणा करत आहे असे वाटते. वास्तविक एका राज्यासाठी मिळालेली नोंद दुसऱ्या राज्याच्या हाती सहज देता येत नाही, हे त्यामागचे कारण असते.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. अर्ज लांब आहे, पण तो एकदाच भरायचा असतो. कागदपत्रे नीट जोडली असतील तर कोणी उगाच परत पाठवत नाही, आणि एका भागीदाराच्या नावाचे स्पेलिंग पासपोर्टवर एक व वाहन परवान्यावर दुसरे असल्याने शंका आली तेव्हा फोनवर माणूस भेटला आणि त्याने कोणता कागद जोडायचा ते नेमके सांगितले. मराठी नावांच्या बाबतीत ही अडचण हमखास येते. मधले नाव म्हणून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव लागते, लग्नानंतर आडनाव बदललेले असते आणि भारतातील कागदांवर जुने नाव तसेच राहते. अर्ज भरण्याआधी सगळी नावे एका कागदावर लिहून काढावीत आणि ‘पूर्वीची नावे’ या रकान्यात एकही न वगळता द्यावीत. वगळलेले नाव लपवलेले नाव समजले जाऊ शकते.

या करारातील सर्वांत विचारपूर्वक केलेले कलम निकषांचे आहे. मालक, प्रशिक्षक, जॉकी अशा प्रत्येक प्रवर्गासाठी सदस्य राज्यांपैकी कोणत्या राज्याचे नियम सर्वांत कडक आहेत ते समितीने पाहायचे आणि आपले नियम त्यांच्या तोडीचे ठेवायचे. दहा माणसांच्या पंगतीत एकाला पथ्य असेल आणि स्वयंपाक एकाच चुलीवर करायचा असेल, तर सगळा स्वयंपाक पथ्याचा करावा लागतो, तसेच हे आहे. सरासरी काढली असती तर कडक राज्यांनी हा परवाना मानलाच नसता आणि करार कागदावर राहिला असता. म्हणून माझ्या मते या कलमामुळेच ही व्यवस्था उभी राहिली. अर्थात त्याची किंमत आहेच. ज्याच्या नावावर पंधरा-वीस वर्षांपूर्वीची एखादी किरकोळ नोंद आहे आणि ज्याला एखाद्या सौम्य राज्यात परवाना सहज मिळाला असता, त्याला या दारातून प्रवेश मिळेलच असे नाही.

त्या माणसासाठी करारात आणखी एक तरतूद आहे आणि ती वाचून मला खरोखर समाधान वाटले. समितीला परवाना नाकारण्याचा अधिकारच दिलेला नाही. अर्जदार निकषांत बसत नसेल तर ‘तुमच्या अर्जावर पुढील कार्यवाही करता येणार नाही’ असे त्याला कळवायचे. तो जास्तीचा पुरावा देऊ शकतो, आपले म्हणणे मांडू शकतो, आणि त्यानंतरही उत्तर तेच राहिले तरी कायद्याच्या दृष्टीने तो नकार ठरत नाही. सदस्य राज्यांनीही त्या पत्राला नकार मानायचे नाही आणि केवळ त्या आधारे अर्जदाराला शिक्षा करायची नाही, असे बंधन आहे. वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. पण जवळजवळ प्रत्येक राज्याच्या अर्जात ‘तुम्हाला पूर्वी परवाना नाकारला गेला आहे का’ हा प्रश्न असतो, आणि एकदा तेथे ‘होय’ लिहावे लागले की ते उत्तर त्या माणसाच्या मागे जन्मभर फिरते. या तरतुदीमुळे त्याला वेगळ्या राज्यात स्वतंत्र अर्ज करता येतो आणि त्या प्रश्नापुढे खरेपणाने ‘नाही’ लिहिता येते.

गोपनीयतेची काळजीही तितकीच चोख घेतलेली आहे. गुन्ह्यांच्या नोंदी समितीचे अधिकारी आणि कर्मचारी यांनीच पाहायच्या आणि कराराच्या कामाखेरीज इतर कशासाठीही वापरायच्या नाहीत. इतर कोणालाही, अगदी राज्यांनाही, त्या देता येत नाहीत. म्हणजे राज्याला फक्त निर्णय कळतो, त्यामागचा कागद दिसत नाही. एका सार्वभौम आयोगाने न पाहिलेल्या कागदावर विश्वास ठेवून माणसाला आपल्या मैदानावर येऊ द्यायचे, ही साधी गोष्ट नव्हे.

मात्र परवाना देण्याचा अधिकार समितीकडे गेला, तरी तो काढून घेण्याचा अधिकार राज्यांनी स्वतःकडेच ठेवला आहे. एखाद्या प्रकरणात हा परवाना निलंबित किंवा रद्द करायचा का, हे प्रत्येक राज्य आपल्या निकषांनी ठरवते आणि तसे केल्यास समितीला तत्काळ कळवते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये बॅरी विरुद्ध बारची या खटल्यात, हार्नेस शर्यतीच्या, म्हणजे घोडा हलकी दुचाकी गाडी ओढत धावतो त्या शर्यतीच्या, एका प्रशिक्षकाच्या पंधरा दिवसांच्या निलंबनाचा विचार करताना, परवाना ही त्याची एक प्रकारची मालमत्ता आहे आणि निलंबनानंतर त्याची सुनावणी लवकर झाली पाहिजे, असे सांगितले आहे. त्यामुळे परवाना कोणी दिला यापेक्षा तो कोणी काढून घेतला, हे अडचणीच्या वेळी अधिक महत्त्वाचे ठरते, आणि त्या वेळी आपली गाठ राज्याशी असते. नवीन हिस्सेदारांनी हे ध्यानात ठेवावे. हा परवाना घेतला म्हणून राज्याच्या नियमांतून सुटका होत नाही.

पैशांच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवावी. समितीचे शुल्क एकदा भरायचे आणि त्याशिवाय हा परवाना आपल्या राज्यात वापरू देण्यासाठी प्रत्येक राज्य आपले शुल्क आकारू शकते. करारातच तशी मुभा आहे. आमच्या सहा जणांच्या खर्चाची बेरीज केली तेव्हा जुन्या पद्धतीपेक्षा फार मोठी बचत झालेली दिसली नाही. बचत झाली ती वेळेची, ठशांची आणि मनस्तापाची. घोडी एकाच राज्यात धावणार असेल तर हा परवाना घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. दोन राज्ये असतील तर हिशेब करावा. तीन किंवा अधिक असतील तर निःशंकपणे घ्यावा.

सेवेतील सर्वांत मोठा दोष समितीच्या कचेरीत नसून मैदानावरच्या खिडकीवर आहे. एका राज्यात, त्याचे नाव घेत नाही, शर्यतीच्या दिवशी सकाळी आमच्यापैकी एकाने हा परवाना दाखवला, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि नवीन अर्ज पुढे सरकवला. हा परवाना आपल्या राज्यात चालतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. वरिष्ठ जेवायला गेले होते. शर्यतीला दोन तास उरले होते आणि मालकांपैकी एकाचा परवाना अपुरा म्हणून घोडी शर्यतीतून मागे घ्यावी लागेल, असा निरोप प्रशिक्षकांकडे गेलासुद्धा. शेवटी आम्ही राज्याच्या संकेतस्थळावरचे पान मोबाईलवर काढून दाखवले, वरिष्ठ आले, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि शुल्क घेऊन शिक्का मारला. घोडी धावली आणि चौथी आली. त्या दोन तासांत आमच्या प्रशिक्षकांना जो त्रास झाला तो अकारण होता. विधिमंडळाने कायदा केला, समिती बसली, केंद्राने ठशांची वाट मोकळी केली, आणि एवढे सगळे होऊन खिडकीवरच्या माणसाला कोणी एक पानाचे परिपत्रक दिले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही नव्या मैदानावर जाण्याच्या आठवडाभर आधी परवाना कचेरीला ईमेल करतो आणि उत्तराची छापील प्रत पाकिटात ठेवतो.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले, तिच्याकडे येते. आमच्या घोडीची देखभाल करणारा मोतद्दार ग्वाटेमालाचा आहे. हंगामी कामगारांच्या एच-टू-बी व्हिसावर तो दरवर्षी येतो. तबेल्यात घोडीच्या खणाबाहेर एका खिळ्याला त्याचे परवाने दोरीत ओवून टांगलेले असतात. एकदा तो खरारा करत असताना मी ते हातात घेऊन पाहिले. पाच राज्यांचे पाच बॅज, पाच छायाचित्रे. एकात मिशी आहे, एकात नाही, सर्वांत जुन्यात तो अगदी पोरसवदा दिसतो. आमची घोडी ज्या ज्या मैदानावर धावली तेथे आम्ही सहापैकी दोघे किंवा तिघे गेलो, कधी कोणीच गेले नाही. तो मात्र प्रत्येक वेळी पहाटे तीन वाजता गाडीत तिच्याशेजारी बसून गेला. मी त्याला विचारले की तुझ्याकडे हा सर्व राज्यांत चालणारा परवाना का नाही. तो म्हणाला की असा परवाना असतो हेच त्याला माहीत नव्हते.

मग त्याने आपल्या बोटांची टोके मला दाखवली. वर्षानुवर्षे दोर ओढून, खूर साफ करून आणि औषधी पाण्यात हात घालून ती इतकी गुळगुळीत झाली आहेत की यंत्राला रेषाच सापडत नाहीत. एका राज्यात त्याचे ठसे दोन वेळा परत आले होते, आणि प्रत्येक वेळी त्याला कामाची सकाळ सोडून कचेरीत जावे लागले होते. माझ्या बोटांवर संगणकाच्या कळा दाबण्यापलीकडे काही खुणा नाहीत. माझे ठसे पहिल्याच प्रयत्नात उमटतात, आणि एकदाच द्यावे लागतील अशी सोय नेमकी माझ्यासाठी झाली आहे.

करार लिहिणाऱ्यांना मोतद्दारांचा विसर पडला होता, असे म्हणता येणार नाही. शर्यतीत सहभागी असलेल्यांची जी व्याख्या करारात दिली आहे, तिच्यात मालक, प्रशिक्षक आणि जॉकी यांच्याबरोबरच ग्रूम म्हणजे मोतद्दार, टोटच्या खिडकीवरचे कर्मचारी, पशुवैद्य आणि नालबंद यांचीही नावे आहेत. कोणत्या प्रवर्गांना परवाना द्यायचा हे ठरवण्याचे समितीवर सोपवले आहे आणि जे प्रवर्ग ती हाती घेणार नाही ते राज्यांकडे राहतात. प्रत्यक्षात आमच्या प्रशिक्षकांच्या तबेल्यात एकाही मोतद्दाराकडे, घोडे फिरवणाऱ्या मुलाकडे किंवा सकाळच्या सरावाच्या स्वाराकडे हा परवाना नाही. तो मालकांकडे आणि प्रशिक्षकांकडे आहे.

यामागचे कारण मी प्रशिक्षकांना विचारले, आणि त्यांचे उत्तर मला विचार करायला लावणारे वाटले. मोतद्दाराच्या परवान्याचे राज्याचे शुल्क मालकाच्या शुल्काच्या मानाने बरेच कमी असते, त्यामुळे एकत्रित परवान्याचे शुल्क त्याला महाग पडेल. शिवाय माणसे हंगामागणिक तबेले बदलतात. मालकाने किंवा प्रशिक्षकाने पैसे भरून परवाना काढून द्यावा आणि महिन्याभरात माणूस दुसरीकडे जावा, असे नेहमी होते. हे सगळे खरे आहे. पण शुल्क समितीनेच ठरवायचे असते आणि ते प्रवर्गानुसार कमी ठेवण्याला मला कोणताही अडसर दिसत नाही. माणूस तबेला बदलतो म्हणून त्याची पार्श्वभूमी बदलत नाही. उलट जो सतत फिरतो त्याच्यासाठीच एकदा केलेली तपासणी सर्वत्र चालावी, हा या कराराचा मूळ हेतू आहे.

ट्रिपल क्राउन या तीन मोठ्या शर्यतींच्या मालिकेचे उदाहरण घ्या. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकीत डर्बी, दोन आठवड्यांनी मेरीलँडमध्ये प्रीकनेस आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी न्यूयॉर्कमध्ये बेलमाँट. पाच आठवड्यांत तीन राज्ये. या काळात घोड्याचे मालक विमानाने येतील-जातील, जॉकी एखाद्या शर्यतीला बदलेलही. घोड्याबरोबर रात्रंदिवस राहणारा माणूस एकच असतो. तिन्ही राज्यांच्या परवान्यांची सर्वाधिक निकड त्यालाच असते.

आशेला जागा आहे, कारण वेगळ्या वाटेने थोडे काम झाले आहे. डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या हॉर्सरेसिंग इंटिग्रिटी अँड सेफ्टी ॲक्टनुसार थरोब्रेड शर्यतींच्या सुरक्षेचे नियम १ जुलै २०२२ पासून आणि उत्तेजक औषधांचे नियम मे २०२३ पासून राष्ट्रीय पातळीवर लागू झाले. त्यासाठी घोड्याच्या देखभालीत सहभागी असलेल्या सगळ्यांची, मोतद्दारांसह, एका राष्ट्रीय यादीत नोंदणी होते आणि त्या नोंदणीला शुल्क नाही. पण ही नोंदणी म्हणजे परवाना नव्हे. अनेक नवीन मालकांचा येथे गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट करते: ती नोंदणी झाली तरी राज्याचा किंवा कराराचा परवाना लागतोच, आणि हार्नेस शर्यतींचे घोडे त्या कायद्याच्या कक्षेत सरसकट येत नाहीत. तरीही मोतद्दारांची एक राष्ट्रीय यादी करता येते, ती फुकट करता येते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले आहे. करार समितीने हा प्रवर्ग हाती घ्यायचा ठरवले तर सुरुवात कोठून करायची, हा प्रश्न आता उरलेला नाही.

ज्यांना हा परवाना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी शेवटचे काही व्यवहाराचे मुद्दे. तो कोणकोणत्या राज्यांत चालतो ही यादी वेळोवेळी बदलते, त्यामुळे जुन्या ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर न जाता अर्जाच्या दिवशी ताजी यादी पाहावी आणि आपल्या प्रशिक्षकांचे वर्षाचे वेळापत्रक शेजारी ठेवून ती ताडून घ्यावी. यादीत नसलेल्या राज्यासाठी आयोगांच्या संघटनेचा बहुराज्यीय अर्जाचा नमुना अनेक ठिकाणी स्वीकारतात. त्याने परवाना एक होत नाही, पण निदान तेच प्रश्न तरी नव्याने लिहावे लागत नाहीत. भागीदारीत असाल तर सगळ्यांनी एकाच वेळी अर्ज करावेत, कारण एकाचा परवाना संपला तरी अडते सगळ्यांचे. नूतनीकरणाची तारीख कोणी आठवण करून देईल या भरवशावर सोडू नये.

मालकासाठी या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण खिडकीवरच्या त्या सकाळचा आहे. मोतद्दारासाठी गुण देण्यासारखे अजून काही झालेले नाही. आम्ही सहा जणांनी गेल्या महिन्यात समितीला आणि आमच्या राज्याच्या आयोगाला पत्र लिहून ग्रूम हा प्रवर्ग कमी शुल्कात सुरू करावा अशी विनंती केली आहे, आणि तोवर आमच्या मोतद्दाराच्या सर्व राज्यांच्या परवान्यांचा खर्च व ठसे देण्यासाठी बुडालेल्या सकाळचे वेतन भागीदारीच्या खात्यातून द्यायचे ठरवले आहे. वहीत त्यासाठी एक ओळ आता घातली आहे. पुढच्या मंगळवारी घोडी एका नव्या राज्यात जाणार असल्यामुळे सोमवारी सकाळी दहा वाजता त्याला पुन्हा ठसे द्यायला जायचे आहे.